अनुस्वारातलं घुंगरू

पुणे,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय बाप्या,

"झालं का रे?" हा या आठवड्यातला तुझा सातवा मेसेज. सहावा आला तेव्हाच फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच "बरं बरं, फाइल पाठव" म्हणून मोकळा होशील. म्हणून पत्र. निवांत वाच, तुमचा उसाचा चरक सुरू व्हायला अजून अवकाश आहे.

तुझ्या रसवंतीची पाटी झाली. खरं तर दोनदा झाली. पहिली मी टाकून दिली, आणि उशीर झाला तो त्यामुळेच.

नोव्हेंबरात तू जुन्या पत्र्याच्या पाटीचा फोटो पाठवलास तेव्हा मला हे एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. त्याआधीचा तुझा फ्लेक्स मी पाहिलेला होताच. बायकोला दाखवला, ती हसून हसून खाली बसली. "नवनाथ रसवंती ग्रह"! मंगळ, बुध, गुरू आणि आता हा उसाच्या रसाचा. फ्लेक्सवाल्यानं "गृह" टाइप करताना ऋकार सोडून ग्र काढला, तू घाईत बघितलं नाहीस, आणि अख्खा सीझन लोक त्या ग्रहावर येऊन रस पिऊन गेले. धंद्यावर काडीचाही परिणाम झाला नाही म्हणतोस, ते मला पटतं. लांबून कोण वाचतंय? हिरवा-पिवळा रंग, "नवनाथ" हा आकार आणि घुंगरांचा आवाज, एवढ्यावर माणूस वळतो.

या पाटीची गंमत मला त्यातच वाटते. बोपगावच्या गडावर कानिफनाथ, त्यामुळे तुम्ही पुरंदरवाले राज्यात कुठल्याही एसटी स्टँडशेजारी जा, तुमचं दुकान एक तर "कानिफनाथ" नाही तर "नवनाथ". ना कंपनी, ना ट्रेडमार्क, ना जाहिरात. तरी चांद्यापासून बांद्यापर्यंत माणूस ते नाव वाचतो आणि त्याला तहान लागते. आमच्या अक्षरांच्या धंद्यात असं नाव लोकांच्या डोक्यात बसवायला कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. तुमच्या गावांनी ते फुकटात करून ठेवलंय.

पहिल्या आठवड्यात काय केलं ते सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी नुसता बसून होतो. आधी तयार फॉन्ट लावून पाहिले. मुंबईत "एक टाइप" नावाचे फॉन्ट बनवणारे आहेत, त्यांचा "मोदक" नावाचा फॉन्ट आहे, फुकट मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते. फॉन्ट म्हणून मला तो फार आवडतो. पण त्यात "नवनाथ" लिहिलं तर दुकान मिठाईचं वाटायला लागलं.

मग तुझ्या पुतण्याची फर्माईश: "काका, कोका-कोलासारखं करा ना." तेही केलं, खोटं कशाला सांगू. एक रात्र त्यातच गेली. ती अक्षरं मुळात एका हिशेबनिसाची, ठाऊक आहे का? फ्रँक रॉबिन्सन हा तिथला जमाखर्च बघायचा, १८८६ साली नाव त्यानंच सुचवलं आणि त्या काळी अमेरिकेत शाळा-कचेऱ्यांतून गिरवत त्या स्पेन्सरियन वळणात लिहूनही काढलं. ते वळण टोकदार, लवचीक निबाचं. हात खाली येताना दाब दिला की रेघ फुगते, वर जाताना केसासारखी बारीक. आपला बोरू तसा चालत नाही. त्याचं टोक तिरपं कापलेलं, जाड-बारीक ठरतं ते हाताच्या दिशेवरून. त्यातही इंग्रजीच्या रुंद लेखणीच्या नेमकं उलट: त्यांची डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड, आपली उजवीकडून डावीकडे उतरणारी. शिवाय ती अक्षरं तळाशी एकमेकांचा हात धरतात आणि आपली वर शिरोरेषेला लोंबकळतात. मी "नवनाथ"ला लाल रंग देऊन, तिरकं करून, थच्या शेपटीची लांब रिबीन काढली. दिसायला मजेशीर होतं. पण कुणाच्या तरी लग्नात दुसऱ्याचा कोट घालून उभं राहिल्यासारखं. आणि दुसऱ्याच्या लोगोची नक्कल पाटीवर लावून उद्या नोटीस आली तर तुझे आबा मला घरात घेणार नाहीत. पुतण्याला सांग, त्याच्या मोबाईलसाठी ते चित्र वेगळं पाठवतो.

शेवटी ठरवलं की जुना पत्राच गिरवायचा.

गिरवणं म्हटल्यावर तुला आठवलं असेल. सासवडला तुझ्या माडीवर रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती पसरून आपण ट्रेसिंग पेपर लावून बसायचो. नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांची ती अक्षरं आहेत हे तेव्हा कुठे माहीत होतं! आपण नुसते गिरवायचो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपराला तुझी पाटी चौकटीत अशी बसली होती की सरांनी वर्गात फिरवली. तुला ए, मला सी. आणि आज तू चरक चालवतोस आणि मी अक्षरं विकतो. ते असो.

फोटो तू खालून काढला होतास, त्यामुळे पाटी वर निमुळती झालेली. म्हणून तर तुला टेप लावून मापं विचारली होती. सहा फूट बाय दोन फूट, त्या मापात फोटो ताणून सरळ केला. मग इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये घेतला. तिथे एक बटण आहे, दाबलं की चित्राच्या रेघा आपोआप काढून देतं. दाबलं. त्यानं गंजाचे डागही अक्षरं समजून काढले, खिळ्यांची डोकी काढली, कावळ्याची शीटही काढली. एकट्या थवर इतके बिंदू पडले की मुंग्या लागल्यासारखा दिसत होता. ते पुसलं आणि हातानं सुरू केलं.

हातानं म्हणजे बेझिए वक्रांनी. एक बिंदू इथे, एक तिथे, आणि प्रत्येकाला दोन दांड्या. दांडी ओढशील तशी मधली रेघ वाकते. बिंदू जितके कमी तितकं वळण गोड, आणि ते वळणाच्या अगदी टोकावर ठेवायचे: सगळ्यात वर, सगळ्यात खाली, डावीकडे, उजवीकडे. तुला एक मजा सांगू? ही रेघ अक्षरांसाठी शोधलेलीच नव्हे. पियेर बेझिए हा फ्रान्समध्ये रेनो मोटार कंपनीत इंजिनियर होता, साठच्या दशकात त्यानं ती गाडीच्या पत्र्याची वळणं आखायला वापरली. त्याच्याही आधी, १९५९ साली, सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जोनं हेच गणित सोडवलं होतं, पण कंपनीनं ते कुलपात ठेवलं आणि नाव बेझिएचं झालं. म्हणजे मोटारीच्या पत्र्यासाठी आलेली रेघ घेऊन मी तुझ्या रसवंतीच्या पत्र्यावरचा थ काढत होतो.

आता माझं चुकलं कुठे ते ऐक.

गिरवता गिरवता मी पेंटरच्या "चुका" दुरुस्त करत गेलो. शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा बारीक होती. मोजली, दांडा वीस तर ती सतरा. मी दोन्ही वीस केलं. "नवनाथ"मधले दोन न सारखे नव्हते, दुसरा अंगानं बारीक. मी पहिलाच कॉपी करून तिथे बसवला. थची शिरोरेषा डावीकडे तुटते तिथली फट त्यानं बरीच मोठी ठेवली होती, मी ती नियमात आणली. "वं"च्या अनुस्वारात खालच्या बाजूला रंगाचा पोपडा उडालेला दिसत होता, तोही बुजवून स्वच्छ गोल टिंब दिलं. सगळं कसं आखीवरेखीव. ए-थ्रीवर प्रिंट काढून भिंतीला लावलं आणि बायकोला बोलावलं.

ती दारातूनच म्हणाली, "कुठल्या बँकेचं काम आलंय?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं आणि कळलं की बाई बरोबर बोलली. शिरोरेषा डोक्यावर तुळईसारखी बसली होती. आडवी रेघ उभीएवढीच जाड काढली तर डोळ्याला जास्त जाड दिसते. हे मी पोरांना शिकवतो, बाप्या! आणि "ना"मध्ये न रुंद झाल्यामुळे त्याचा दांडा आणि काना एकमेकांना खेटून खिडकीचे गज झाले होते. पेंटरनं न आवळला होता तो कान्याला जागा द्यायला.

तरीही हट्टानं मी ते आबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"पाटी चांगलीच हाय," आबा म्हणाले, "पण घुंगरू कुठं गेलं रं?"

"कसलं घुंगरू?"

"वंवरचं."

मी तुझा मूळ फोटो उघडला आणि तेवढाच भाग मोठा केला. पोपडा उडाला असता तर खाली पत्रा दिसायला हवा होता, निदान गंज तरी. तिथे पिवळ्याच्या वर लाल होतं. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यानं मारलेली बारीक चीर, आणि चिरीच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका. चरकाच्या चाकाला बांधतात तसलं घुंगरू! चाळीस वर्षं ते तुमच्या डोक्यावर लटकतंय आणि मी ते घाण समजून पुसून टाकलं होतं. आबा म्हणाले, त्या पेंटरनं दुपारभर रस पीत पीत काम केलं आणि संध्याकाळी उतरता उतरता ते घुंगरू काढलं, त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

त्या रात्री मी फाइल बंद केली आणि पुन्हा कोऱ्या कागदावरून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा गिरवताना एकेक अक्षराला विचारत गेलो की बाबा, तू असा का. थजवळची फट मोठी का? कारण तिथे काळी शेड पडते, फट लहान असती तर भरून गेली असती. संगणकावर शेड द्यायची तर आपण अक्षराची कॉपी करून खाली-उजवीकडे सरकवतो, आणि मग थच्या गाठीत काळं साचतं. त्या माणसानं गाठीच्या आत शेड मारलीच नव्हती. मीही मारली नाही, हातानं कापून काढली. शिरोरेषेची वरची कड दोरी मारून सरळ केलेली, खालची मात्र मोकळ्या हाताची, किंचित थरथरती. ती थरथर मी ठेवली आहे, सगळी नाही, थोडी.

पण म्हणून त्याचं सगळंच थोर म्हणायला मी तयार नाही. "गृह"चा ह कोंबलेला आहे, स्टँडवरच्या शेवटच्या गाडीत घुसलेल्या माणसासारखा. तिथे पेंटरची जागा संपली, दुसरं काही नाही. तो ह मी सैल केला, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

दराचा चौकोन मात्र बदललेला नाही. फोटोत त्या काळ्या चौकोनावर रंगाचे थर इतके चढलेत की कडेला पापुद्रे मोजता येतात. दर वाढला की वरून काळा, मग नवा आकडा. नव्या पाटीवर तो चौकोन रिकामाच ठेवलाय, दरवर्षी तूच खडूनं लिही. पुढे "रु." तसंच ठेवलंय, २०१० मध्ये आलेलं नवं चिन्ह नाही घातलं. ते चिन्ह चांगलं आहे, आपल्या रवरूनच बेतलेलं आहे, पण या पाटीवर ते पाहुणं वाटतं.

आता कामाचं. दोन फाइली जोडल्यात. फ्लेक्स करायचा असेल तर फ्लेक्सवाल्याला पीडीएफ दे. अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे नुसते आकार करून पाठवली आहेत, त्यामुळे त्याच्याकडे कुठला फॉन्ट आहे-नाही याचा प्रश्न येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला काही टाइप करू देऊ नकोस. मोबाईलवर हिरवा रंग जसा झगझगीत दिसतो तसा छापून येणार नाही, थोडा मळकट येईल, त्यावरून त्याच्याशी भांडू नकोस. पण माझं ऐकशील तर पत्र्यावरच करून घे. बार्शीत हातानं रंगवणारा कुणी अजून असेलच. दुसरी फाइल त्याच्यासाठी, नुसत्या रेघांची, पूर्ण मापाची. मोठ्या कागदावर प्रिंट काढ, रेघेवरून टाचणीनं भोकं पाड, कागद पत्र्यावर चिकटवून पुरचुंडीनं खडूची पूड आपट, आकार उमटतो. पुढचं त्याचा हात बघून घेईल. घुंगराची चीर शेवटी मारायला सांग, पिवळा पूर्ण वाळल्यावर.

एक राहिलं. जुन्या पाटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पेंटरनं सही केली होती. फोटोत फक्त "आर्ट, बार्शी" एवढंच वाचता येतं, आधीचं नाव गंजानं खाल्लंय. मी खूप मोठं करून पाहिलं, एक वेलांटी सोडून काही लागत नाही. आबांना आठवतं का विचार. कोपऱ्यात दीड इंच जागा सोडली आहे.

आबांना नमस्कार, वहिनींना आणि पुतण्याला आठवण सांग.

तुझा,
नंदू