तक्रार: ‘सोलो फॉर स्पॅरो’ची कापलेली, ताणलेली प्रिंट आणि दिशाभूल करणारे पोस्टर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन चित्रपट सेवा

विषय: ‘सोलो फॉर स्पॅरो’ (1962) या ब्रिटिश रहस्यपटाची सदोष प्रत, जुळत नसलेली मराठी सबटायटल्स आणि चुकीची माहिती याबाबत.

महोदय / महोदया,

मी आपल्या सेवेचा वार्षिक वर्गणीदार आहे. ‘मराठी सबटायटल्ससह जुने ब्रिटिश रहस्यपट’ ही आपली जाहिरात पाहूनच मी वर्गणी भरली. या विभागातला ‘सोलो फॉर स्पॅरो’ हा चित्रपट वडिलांसोबत पाहिल्यावर त्यातले दोष मी आपल्या ग्राहक सेवेला चॅटवर कळवले. उत्तर आले: “सर, हा जुना लो-बजेट चित्रपट आहे, ओरिजिनल प्रिंटच तशी आहे.” पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा मेसेजही आला.

हे उत्तर मला मान्य नाही. चित्रपट लो-बजेट आहे हे खरे. मूळ प्रिंट तशी आहे हे खरे नाही. आणि कमी पैशांत केलेला चित्रपट कसाही दाखवला तरी चालतो, हा जो अर्थ त्या उत्तरात आहे, त्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी वेळेबद्दल. आपल्या पानावर चित्रपटाची लांबी 56 मिनिटे दिली आहे आणि ती बरोबर आहे. पण आपल्याकडे तो 49 मिनिटांत संपतो. यातली सव्वादोन मिनिटे कुठे गेली ते सांगता येते. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने चालतो. ब्रिटनमधल्या आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्ही यंत्रणेत सेकंदाला 25 फ्रेम असत. त्या यंत्रणेसाठी केलेली प्रत जराशी पळते, 56 मिनिटांचा चित्रपट पावणेचोपन्न मिनिटांत आटोपतो आणि आवाज थोडे चढे लागतात. आपली प्रत अशीच टीव्हीसाठी केलेली आहे. पण पावणेचोपन्न आणि 49 यांच्यातल्या पावणेपाच मिनिटांचा हिशेब या मार्गाने लागत नाही. ती कापलेली आहेत. खोलीत बोलणारा माणूस वाक्य पुरे न करता पुढच्याच क्षणी रस्त्यावर दिसतो, अशा जागा डोळ्यांना सरळ खुपतात. एखाद्या वाहिनीच्या ठरावीक वेळेत बसवण्यासाठी कोणीतरी पूर्वी केलेली ही काटछाट असावी, असा माझा अंदाज आहे. अडीच-तीन तासांच्या चित्रपटातली पाच मिनिटे गेली तर एखादे गाणे गेले म्हणून सोडून देता येईल. तासाभराच्याही आतल्या रहस्यपटात पाच मिनिटे म्हणजे एक साक्षीदार, एक धागा, कोणी तरी कुठे तरी केलेली चूक. ती गेल्यावर पुढचे कळत नाही, आणि न कळल्याचा दोष मात्र चित्रपटाच्या माथी बसतो.

आता सबटायटल्स. माझ्या तक्रारीचा मुख्य मुद्दा हाच आहे. वडील निवृत्त शिक्षक आहेत. बाबुराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचत त्यांचे तरुणपण गेले, रहस्यकथेची त्यांची आवड आजही तशीच आहे. आता त्यांना ऐकू कमी येते आणि ब्रिटिश उच्चारांतले भरभर बोलणे तर लागतच नाही. त्यांच्यासाठी खालची मराठी ओळ म्हणजेच चित्रपट. आपली सबटायटल्स पूर्ण लांबीच्या, योग्य वेगाच्या प्रतीवरून तयार केलेली दिसतात. मराठी चांगले आहे, ज्याने ती केली त्याने मनापासून केली आहेत. पण ती लावली आहेत पळणाऱ्या आणि कापलेल्या प्रतीवर. त्यामुळे दहाव्या मिनिटाला ओळ साधारण 25 सेकंद उशिरा येते, विसाव्या मिनिटाला 50 सेकंद. पुढे पहिला काप आला की हे अंतर एकदम वाढते. नायक इन्स्पेक्टर स्पॅरोने विचारलेला प्रश्न गुन्हेगाराच्या चेहऱ्याखाली उमटतो आणि त्याचे उत्तर रिकाम्या रस्त्याखाली. जो कोणी फक्त वाचून चित्रपट समजून घेत असेल, त्याच्या दृष्टीने एका पात्राचा कबुलीजबाब दुसऱ्याच पात्राच्या तोंडी जातो.

शेवटी अंतर सात मिनिटांवर पोहोचते आणि चित्रपट संपतो. म्हणजे शेवटच्या सात मिनिटांतल्या संवादांची मराठी ओळ पडद्यावर येतच नाही. रहस्यपटातली शेवटची सात मिनिटे! वडिलांनी विचारले, “मग काय झाले?” मी त्यांना थांबून थांबून सांगितले, पण ते सांगणे म्हणजे चित्रपट पाहणे नव्हे. ही सबटायटल्स आपण एकदा तरी शेवटपर्यंत लावून पाहिली असती, तर हा दोष आपल्या कर्मचाऱ्याच्या लगेच लक्षात आला असता.

चित्राबद्दल. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी करून टीव्हीवर दाखवलेली प्रत आपण आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंनी ओढली आहे. माणसे बुटकी आणि जाड दिसतात. मोटारींची चाके आडवी लंबगोल आहेत. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही, कोणताही रस्त्यावरचा प्रसंग थांबवून चाकाकडे पाहावे. हा चित्रपट ब्रिटिश रहस्यकथाकार एडगर वॉलेस यांच्या नावाच्या ‘एडगर वॉलेस मिस्टरीज’ या मालिकेतला. या मालिकेतल्या चित्रपटांची सुरुवात ज्याने पाहिली आहे तो ती विसरत नाही: धुक्यात सावकाश फिरणारा वॉलेसचा अर्धपुतळा आणि मायकल कारची ‘मॅन ऑफ मिस्टरी’ ही धून, जी ‘द शॅडोज’ने 1960 मध्ये वाजवली आणि ब्रिटनमध्ये गाजवली. आपल्या प्रतीत ही सुरुवात शाबूत आहे, पण पुतळ्याचा चेहराही पसरट झाला आहे.

पोस्टरचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो माझ्या मते सरळसरळ दिशाभुलीचा आहे. आपल्या पोस्टरवर मायकल केन यांचा मोठा चेहरा आहे, नाव सर्वांत वर आहे आणि खालच्या माहितीत ‘मायकल केन गुप्तहेराच्या भूमिकेत’ असे लिहिले आहे. केन या चित्रपटात गुप्तहेर नाहीत. मूनी नावाच्या गुंडाची छोटी भूमिका त्यांनी केली आहे. ज्या चित्रपटांनी ते प्रसिद्ध झाले ते नंतरचे: ‘झुलू’ 1964 चा, ‘द इपक्रेस फाइल’ 1965 चा. 1962 मध्ये ते मिळेल ते काम करणारे नट होते. चित्रपटाचा नायक आहे ग्लिन ह्यूस्टन. जवाहिऱ्याच्या दुकानाच्या किल्ल्या मिळवण्यासाठी दरोडेखोर तिथल्या वृद्ध कर्मचारी बाईंना पळवतात, त्यात बाईंचा जीव जातो, आणि तपास स्कॉटलंड यार्डकडे सोपवला जातो. ते सहन न होऊन स्थानिक इन्स्पेक्टर स्पॅरो रजा काढतो आणि एकटाच मागे लागतो. ह्यूस्टन हा वेल्सचा नट हे सगळे न ओरडता, साध्या चेहऱ्याने करतो. हट्टी, थकलेला, चांगला पोलीस. ज्या नटाने चित्रपट खांद्यावर घेतला त्याचे नाव आपल्या पानावर कुठेच नाही. ही उणीव मला प्रिंटमधल्या दोषांइतकीच लागली.

याच विभागातल्या ‘क्लू ऑफ द न्यू पिन’ (1961) या चित्रपटाच्या सारांशातही असाच निष्काळजीपणा आहे. खून बंद तिजोरीघरात होतो आणि किल्ली आतच सापडते. ती आत कशी राहिली, हाच त्या गोष्टीचा प्राण. आपल्या सारांशात त्याचे उत्तर दुसऱ्याच वाक्यात दिले आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र वाचणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने कदाचित तो चित्रपट अजून पाहिला नसेल. कृपया ते वाक्य आजच काढावे.

आता ‘ओरिजिनल प्रिंटच तशी आहे’ याविषयी. ही मालिका 1960 ते 1965 या काळात अँग्लो-अमाल्गमेटेड या कंपनीसाठी मुख्यतः लंडनच्या दक्षिणेकडच्या मर्टन पार्क स्टुडिओत जॅक ग्रीनवूड यांच्या निर्मितीखाली झाली. चाळीसहून अधिक चित्रपट, बहुतेक तासाभराचे. 2012 पासून ब्रिटनमधल्या नेटवर्क या कंपनीने मूळ फिल्मवरून नव्याने प्रती करून, मूळ चौकटीत, ही मालिका डीव्हीडीच्या खंडांमध्ये आणली. ‘टॉकिंग पिक्चर्स टीव्ही’ ही 2015 मध्ये सुरू झालेली ब्रिटिश वाहिनी असेच जुने चित्रपट दाखवते आणि तिचा प्रेक्षक मोठा आहे. म्हणजे चांगल्या प्रती अस्तित्वात आहेत आणि त्या पाहणारे लोकही आहेत. आपण कोणती प्रत विकत घेतली हा आपला निर्णय होता. त्याचे खापर साठ वर्षांपूर्वीच्या कारागिरांवर फोडू नये.

आणि लो-बजेट म्हणजे काय, तेही सांगितलेच पाहिजे. त्या काळी ब्रिटिश थिएटरमध्ये एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटाच्या आधी लागणारा हा छोटा चित्रपट थोड्या आठवड्यांत, थोड्या पैशांत पुरा करावा लागे. मोठे सेट परवडत नसत, म्हणून कॅमेरा स्टुडिओबाहेरच्या खऱ्या रस्त्यांवर, दुकानांसमोर, स्टेशनाजवळ जाई. वॉलेस स्वतः 1932 मध्येच, ‘किंग काँग’चे काम चालू असताना हॉलिवूडमध्ये वारले, त्यांच्या जुन्या गोष्टी या लोकांनी 1960 च्या लंडनमध्ये आणून बसवल्या. त्यामुळे आज या चित्रपटांत त्या काळचे साधे लंडन दिसते: ओले फुटपाथ, काळ्या वूल्झली पोलीस गाड्या, टेलिफोनची खोकी, कोळशाने काळवंडलेल्या भिंती. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांनी हे लंडन इतके दाखवले नाही. ‘सोलो फॉर स्पॅरो’चे दिग्दर्शक गॉर्डन फ्लेमिंग यांनी पुढे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरचे दोन्ही डालेक चित्रपट केले. याच मालिकेत ‘ॲक्ट ऑफ मर्डर’ (1964) करणारे ॲलन ब्रिजेस यांच्या ‘द हायरलिंग’ला 1973 मध्ये कान चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. ही माणसे इथे शिकत होती, आणि कमी पैशांत शिकणारा माणूस एकही दृश्य वाया घालवत नाही. हातात तासभरच असल्यामुळे प्रत्येक वाक्य पुढच्या प्रसंगासाठी लिहिलेले असते. म्हणून अशा चित्रपटाला काटछाट सर्वांत कमी सोसते. आपल्या ग्राहक सेवेचे म्हणणे नेमके उलटे होते.

माझ्या मागण्या अशा. ‘सोलो फॉर स्पॅरो’ची पूर्ण लांबीची, मूळ वेगाची आणि मूळ चौकटीतली प्रत लावावी. ती मिळेपर्यंत सध्याच्या प्रतीच्या पानावर ‘संक्षिप्त आवृत्ती, 49 मिनिटे’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या प्रतीनुसार सबटायटल्स पुन्हा जुळवावीत. शेवटच्या सात मिनिटांचे काम सर्वांत आधी करावे. पोस्टर आणि माहिती दुरुस्त करून ग्लिन ह्यूस्टन यांचे नाव प्रमुख भूमिकेत द्यावे. या विभागातले बाकीचे चित्रपट मी आपल्या सेवेवर अजून पाहिलेले नाहीत. त्यांच्या प्रतींची लांबी आणि सबटायटल्सही आपण तपासावीत. वर्गणीचे पैसे परत मागत नाही. विभाग आपण सुरू केलात याचा मला आनंद आहे, आणि तो नीट चालावा अशी माझी इच्छा आहे.

ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) ही तक्रार नोंदवीन. 49 मिनिटांच्या प्रतीवर 56 मिनिटे लांबी आणि खोटे श्रेय दाखवून वर्गणी घेणे ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे, असे माझे म्हणणे राहील. उत्तर कृपया लेखी आणि मराठीत द्यावे, म्हणजे वडिलांनाही ते वाचता येईल.

सोबत: चॅटची प्रत, चित्रपटाच्या पानाचे आणि पोस्टरचे स्क्रीनशॉट, सबटायटल्स मागे पडलेल्या प्रसंगांचे वेळेसह टिपण, लंबगोल चाकाचा स्क्रीनशॉट.

आपला,
एक वर्गणीदार, सातारा
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या अर्जात)