पाण्याला सातबारा नसतो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमचं गाव हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला आहे, घरात तीन पिढ्या मासेमारी. मागच्या पावसाळ्यानंतर काठावरच्या केळीवाल्याच्या इंजिनाजवळ डिझेलची कॅन लवंडली, फक्त पाच लिटरची, तर पाण्यावर सप्तरंगी तवंग आला आणि चार दिवस जाळ्याचा वास जाईना. बाजारात बायका मासा उचलायच्या, नाकाशी न्यायच्या आणि परत पाटीत टाकायच्या. नुसत्या पाच लिटरने हे होतं.

आता नायजेरियातल्या बोडोचं बघा, नायजर डेल्टातलं, पूर्ण खाडीच्या मासळीवर जगणारं गाव. २००८ मध्ये तिथं शेल कंपनीची पाइपलाइन दोनदा फुटली, तेल कित्येक आठवडे वाहत राहिलं, तिवराची झाडं काळी पडून मेली, मासे गेले. लोक गप्प बसले नाहीत, थेट लंडनच्या कोर्टात गेले, १५,६०० जणांनी आपापल्या नुकसानीचा दावा लावला आणि २०१५ साली कंपनीला साडेपाच कोटी पौंड द्यायला लावले. बोडो ज्या ओगोनी भागात येतं, तिथंच आधी तेल कंपन्यांविरुद्ध चळवळ उभी करणाऱ्या केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ ला आठ साथीदारांसकट तिथल्या लष्करी सरकारने फाशी दिलं होतं, तरी लोक हटले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. बरं, पैसे मिळाले म्हणून पाणी परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालात लिहिलंय की तो भाग पूर्ण साफ व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील.

आणि हे काही फक्त आफ्रिकेतलं नाही हो. आसामात बाघजानला २७ मे २०२० ला गॅसची विहीर फुटली, मग आग लागली, ती नोव्हेंबरात विझली, आणि शेजारीच मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे मोठं पाणथळ तळं, जिथं लोक मासे धरून पोट भरतात.

आमच्याकडे तेलविहीर नाही. पण वादळ आलं की तलाठी केळीचा पंचनामा करतो कारण सातबारा असतो, मासे मेले तर कोण पंचनामा करणार, पाण्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही! बोडोच्या लोकांनी माणसागणिक नुकसान मांडलं आणि शेवटी कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. आम्ही पण दिवाळीपासून एका वहीत रोज लिहितोय, कोणाचं जाळं, किती किलो, काय भाव. तुमचा वार्ताहर एकदा पाठवा, वही दाखवतो.

आपला एक वाचक,
जळगाव जिल्हा