ताई, त्या वहीसाठी आभार

प्रिय ताई,

परवा एका ज्युनियरने विचारलं, "प्रोग्रामिंगच्या कॉन्टेस्ट देण्यात वेळ घालवू, की सरळ एखादं प्रोजेक्ट करू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुझंच वाक्य बाहेर पडलं: "कॉन्टेस्टचे दोन तास सोड, दुसऱ्या दिवशी न सुटलेल्या प्रश्नांवर किती वेळ बसणार ते सांग." तेव्हा जाणवलं, तुझे आभार मी कधी मानलेच नाहीत. समोर बोलायला गेलो तर तू विषय बदलशील, म्हणून हे असं उघड पत्र.

माझा पहिला राउंड आठवतो? कोडफोर्सेस या ऑनलाइन प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटवरचा, डिव्ह टू, म्हणजे खालच्या गटाचा. दोन प्रश्न सुटले आणि तिसऱ्यावर 'टाइम लिमिट एक्सीडेड', म्हणजे कोडने ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. मी आधी सर्व्हरला नावं ठेवली, मग प्रोग्रामिंगच्या भाषेला. तू कागद पुढे ओढलास. n, म्हणजे दिलेल्या आकड्यांची संख्या, दोन लाखांपर्यंत. एकात एक दोन लूप म्हणजे चार हजार कोटी फेऱ्या. सेकंदाला ढोबळमानाने दहा कोटी धरल्या तरी चारशे सेकंद, आणि मुभा होती दोन सेकंदांची. "हे गणित कोड लिहिण्याआधी करायचं असतं," एवढंच बोललीस. आकडे सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून, दोन्ही टोकांकडून आत येत गेलं की भागत होतं, पण ते काही तू सांगितलं नाहीस. मला शोधायला चार तास लागले. स्पर्धा दोन तासांची!

मग ती वही दिलीस. एडिटोरियल (स्पर्धेनंतर येणारं उत्तराचं स्पष्टीकरण) उघडण्याआधी निदान तासभर स्वतः झगडायचं आणि प्रश्न सुटला की एकच ओळ लिहायची: मला काय दिसलं नाही. अल्गोरिदमचं नुसतं नाव लिहायला बंदी. 'सेगमेंट ट्री' असं लिहिलं की तू खोडून टाकायचीस, कारण तो मला येत होता. इथे तो लागणार हे ओळखता आलं नव्हतं. एका पानावर अजून माझ्या अक्षरात आहे: "उत्तर वाढवत नेलं की 'जमतं'चं 'जमत नाही' फक्त एकदाच होतं. म्हणजे थेट उत्तरावरच बायनरी सर्च, दर वेळी निम्म्या शक्यता गाळत, चालला असता." त्या ओळीने मला पुढे किती प्रश्न सोडवून दिले, मोजले नाहीत.

दुसऱ्या एका पानावर नुसता आकडा आहे, 2,14,74,83,647, आणि शेजारी तुझं चिडलेलं उद्गारचिन्ह. 32 बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, याहून मोठा आकडा बसत नाही; माझी बेरीज मावली नव्हती. मला लाज वाटत होती, तेव्हा तू सांगितलंस की जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, मधला इंडेक्स काढताना, हीच चूक अनेक वर्षं दडून होती आणि 2006मध्ये उजेडात आली. लाज कमी झाली, धास्ती मात्र कायमची बसली. बरंच झालं.

आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेसाठी मला टीममध्ये घेतलंस तेव्हा मी तिघांत सगळ्यात कच्चा होतो. तिघांत एक कॉम्प्युटर, पाच तास, आणि सुटलेल्या प्रश्नावर आधी फसलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे वीस मिनिटांचा दंड. कीबोर्ड अडवून विचार करत बसणं म्हणजे बाकी दोघांचा वेळ खाणं, हे तू एका नजरेने शिकवलंस. (ती नजर अजून आठवते.) कोडची प्रिंट काढून बाजूला जायचं, चूक कागदावर शोधायची, तोवर दुसऱ्याने टाइप करायचं. आम्ही फायनलच्या आसपासही पोचलो नाही. पण आपली कल्पना दुसऱ्याला दोन मिनिटांत पटवायची, आणि तो म्हणाला "हे चुकतंय" तर न रुसता ऐकायचं, ही सवय तिथली.

रेटिंगचं प्रकरण लिहू की नको, विचार करत होतो. कोडफोर्सेसवर रेटिंगनुसार नावाचा रंग बदलतो; 1600 ओलांडून माझं नाव निळं झालं आणि मी राउंड देणंच सोडलं; निळं जाईल ही भीती. वर दुसरं अकाउंट उघडून तिथे चोरून सराव! तू पकडलंस तेव्हा ओरडली नाहीस. वही मागितलीस. तीन महिन्यांत एकही नवी ओळ नव्हती. मी गप्प बसलो, आणि त्याच आठवड्यात जुन्या अकाउंटवरून उतरलो. रेटिंग धाडकन पडलं.

नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत या सगळ्याचा उपयोग झाला, तो होतोच. कामात लागलीच नजर गेली ती एका रिपोर्टवर: प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहणारा कोड. टेस्टमध्ये काहीशे नोंदी, म्हणून कुणालाच खटकला नव्हता. पण माझा स्वतःचा कोड सहकाऱ्यांकडे रिव्ह्यूला गेला तेव्हा व्हेरिएबलची नावं a, b, cnt2! इनपुट चुकीचं आलं तर काय, याचा पत्ताच नाही, कारण स्पर्धेत ते ठरल्याप्रमाणेच येतं. तुला स्क्रीनशॉट पाठवला तर तुझं उत्तर: "हे कॉन्टेस्टमध्ये शिकवत नाहीत. आता दुसऱ्यांचा कोड वाच, सहा महिने राउंड बंद." राउंडची गोडी लावणारीनेच ते बंद करायला सांगावं, याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

आता महिन्यातून एखादा राउंड देतो. मागच्या वेळचा चौथा प्रश्न अजून सुटलेला नाही. आज रात्री परत बसणार आहे. ज्युनियरला वही मात्र नवी घेऊन दिली आहे. तुझी देणार नाही, आणि तूही परत मागू नकोस.

तुझा,
तिघांतला कच्चा