तवंगाखालचं तेल कोण मोजणार? सागरी पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रात तेलगळती झाली की विमानं घिरट्या घालतात, उपग्रहाची चित्रं मागवली जातात आणि संध्याकाळपर्यंत तवंगाचं क्षेत्रफळ जाहीर होतं. ते हवंच. पण तवंग म्हणजे फक्त वर आलेलं तेल. जे वर आलंच नाही त्याचं काय, एवढं विचारण्यासाठी हे पत्र.

२०१० साली मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ माणसं गेली. सुमारे १५०० मीटर खोलीवरची विहीर ८७ दिवस वाहत होती. गळती किती? आधी सांगितलं गेलं, दिवसाला १००० पिंपं. मग ५०००. पुढे अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दूरनियंत्रित यानावर सोनार (ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं टिपणारं यंत्र) आणि डॉप्लर ध्वनियंत्र बसवून ते थेट फुटलेल्या तोंडाशी नेलं. एका यंत्राने झोताचा आकार टिपला, दुसऱ्याने वेग. त्याला तेलवायूच्या नमुन्यांची जोड मिळाली आणि आकडा निघाला दिवसाला ५० हजार पिंपांहून जास्त! दहापट चूक पोटात घेऊन जहाजं, बूम (तेल अडवणारे तरंगते अडथळे) आणि माणसं किती लागतील हे कसं ठरवायचं?

त्याच आखातात २००४ च्या ‘आयव्हन’ चक्रीवादळात आणखी एक फलाट कोसळला. तिथली गळती दिवसाला जेमतेम काही गॅलन आहे, असं मालक कंपनी वर्षानुवर्षं सांगत राहिली. २०१८ मध्ये सोनारने पाहणी झाली तेव्हा ती शेकडो गॅलन तरी असल्याचं दिसलं. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही घटना, कारण तिथे मोजणी अवघड नव्हती. ती स्वतंत्रपणे करायला १४ वर्षं लागली.

सोनारच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. ध्वनी परत फिरतो तो दोन पदार्थांच्या घनतेत आणि त्यांतल्या ध्वनीच्या वेगात फरक असेल तेव्हा. वायूचे बुडबुडे म्हणून ठळक दिसतात. तेलाचे थेंब पाण्याच्या बरेच जवळचे, त्यामुळे त्यांचा प्रतिध्वनी क्षीण. माशांचा थवाही फसवतो. त्यामुळे सोबत पाण्याचे नमुने घ्यावेच लागतात. पण विमानांवरून आणि उपग्रहांवरून तवंग शोधणारं रडारही फसतंच की! तेलाने लहान लाटा दबतात म्हणून तवंग काळा दिसतो, आणि वारा पडला की स्वच्छ पाणीही तसंच काळं दिसतं. शिवाय रडारला पृष्ठभागाखालचं काहीच कळत नाही. पाण्यापेक्षा जड तेल तळाशी जाऊन बसलं, तर वरून कितीही पाहा.

माझी मागणी अशी. खोल समुद्रातल्या विहिरीला परवाना देतानाच तिथल्या पाण्याची सोनार पाहणी सक्तीची करा. तळातून नैसर्गिकपणे झिरपणारे बुडबुडे आधीच नोंदलेले असले, तर उद्या नवा झोत ओळखू येईल. गळती झाल्यावरची मोजणी आपल्या खात्याच्या जहाजाने करावी, कंपनीच्या नव्हे, आणि कच्ची नोंद लोकांसमोर ठेवावी. देवमाशांना त्रास होऊ नये म्हणून त्यांच्या श्रवणकक्षेपलीकडच्या उच्च वारंवारता जिथे पुरतील तिथे त्याच वापराव्यात.

पहिली पाहणी सोडून दिलेल्या जुन्या विहिरींची व्हावी. तिथे आज कोणीच पाहत नाही.

आपला नम्र,
एक नागरिक