निवडणूक लागली की आमची बंदूक कोठडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदुकांवरचा कालच्या अंकातला अर्ध्या पानाचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला म्हणून, आणि दुसऱ्यांदा राग रास्त आहे का ते बघायला म्हणून. लेख माहितीपूर्ण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती, घरात बंदूक ठेवू देणारा २००८ चा वॉशिंग्टनचा निकाल, बंदूक घेऊन बाहेर फिरण्याच्या परवान्याचा २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उडालेला न्यू यॉर्कचा शंभर वर्षांहून जुना कायदा, सगळे रीतसर आले आहे. बंपस्टॉकवरचा, म्हणजे बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायच्या जोडावरचा, २०२४ चा निकाल तर लेखकाने फारच चवीने सांगितला आहे. घोडा एकदा ओढला की अनेकदा, यावर तिथले नऊ न्यायमूर्ती खल करत बसले, याचे आम्हालाही हसू आले. पण शेवटच्या परिच्छेदात 'सुदैवाने आपल्याकडे हा प्रश्न नाही' असे लिहून लेखक मोकळे झाले आहेत. त्यांना आमच्या सिंधुदुर्गात एक चक्कर मारायला सांगा. आचारसंहितेच्या दिवसांत आले तर उत्तम.

माझ्याकडे वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. परवाना पीकसंरक्षणाचा. आपल्या शहरी वाचकांसाठी सांगतो, हिच्यात दारू ओतायची, चिंधी घालायची, गजाने ठासायची, मग केप (ठिणगी पाडणारी टोपी) बसवायची आणि मग घोडा ओढायचा. पावसाळी हवेत केप फुसकी निघाली की परत पहिल्यापासून. अशी बंदूक घेऊन मतदान केंद्र ताब्यात घ्यायला कोणी निघालाच, तर दुसरा बार भरेपर्यंत मतदान अधिकारी चहा पिऊन येतील. तरीही लोकशाहीला धोका नको म्हणून दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा होते.

आणि निवडणुका तरी कधी येतात ते बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, निकाल ४ जूनला. म्हणजे काजू आणि आंब्याचा अख्खा हंगाम. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे भात पिकून उभे असते तेव्हा. २०१९ मध्येही हेच झाले होते, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर. निवडणूक आयोग माकडांना आणि रानडुकरांना विचारून तारखा ठरवतो की काय अशी शंका गावात बोलून दाखवली जाते. मधल्या नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा वेगळ्याच.

माकडे मारायची नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. रानडुकराला वनखात्याची परवानगी लागते, तेही ठाऊक आहे. बहुतेक वेळा आम्ही नुसती दारू भरून बार काढतो. तो आवाज डोंगरात घुमला की डुकरांचा कळप दोन-चार रात्री फिरकत नाही. फटाके लावून बघा, डबे वाजवून बघा, साड्यांचे कुंपण करून बघा, हे सल्ले कृषी खात्याकडून मिळतात. ते सगळे करून झाले आहे. डबा वाजवला तर डुक्कर मान वर करून बघते आणि पुन्हा खायला लागते.

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. ठाण्याची नोटीस आली. छापील कागद, 'सर्व परवानाधारकांना कळविण्यात येते की', आणि रिकाम्या जागेत बॉलपेनने माझे नाव, तेही चुकीचे. मळ्यातले भात कापणीला आले होते, मांगरात, म्हणजे मळ्यातल्या खोपटात, राखणीला झोपत होतो. ठाण्यात जाऊन मी विचारले की छाननी समितीने माझ्या परवान्याचे काय पाहिले, तेवढे सांगा. कारण आयोगाच्या सूचनांत जिल्हास्तरावर अशी समिती आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या वेळच्या दंगलीत नाव आलेले, अशांचे परवाने तिने तपासायचे आणि कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवायचे. माझ्यावर आजवर साधा सायकलला दिवा नसल्याचाही खटला झालेला नाही. हवालदार भला माणूस. म्हणाला, "काका, वरसून ऑर्डर आसा, सगळ्यांची घेवची. माझो काय इलाज?" त्याचा खरेच इलाज नव्हता. बंदुकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला गेला आणि जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या मागे, जिथे भिंतीला ओल होती, तिथे ती उभी राहिली.

त्यानंतर मळ्यात काय झाले ते सविस्तर लिहीत नाही. डुक्कर भात खाते त्यापेक्षा लोळून जास्त नासवते, एवढे सांगितले तरी गाववाल्यांना कळेल. बांधालगतच्या दोन कुणग्यांत (भाताच्या तुकड्यांत) विळा घालण्यासारखे काही राहिले नाही. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा पेंढाही गुरांनी संपवला होता.

निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्रे लगेच परत करावीत, असे आयोगच सांगतो. माझी बंदूक संक्रांत झाल्यावर हातात आली. नळीला आतून गंज, दस्त्याला चीर आणि गज गायब! ठासणीच्या बंदुकीचा गज गेला की ती बंदूक नव्हे, काठी. विचारले तर पावती दाखवली. 'बंदूक एक नग.' गज होता असे पावतीवर कुठे लिहिले आहे? नाहीच लिहिलेले. शेवटी लोहाराकडून नवा करून घेतला, त्याचे पैसे कोणाकडे मागायचे हे अजून कोणी सांगितलेले नाही.

आता कोणी म्हणेल की बंदूक हा आपल्याकडे हक्क नाहीच. मान्य. आपली घटना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते तेही शांततेने आणि विनाशस्त्र. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठानेही स्पष्ट केले की अमेरिकेत तो मूलभूत हक्क असेल, आपल्या घटनाकारांनी तसा दिलेला नाही. पण ते प्रकरण होते उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना हत्यारांचे. ते गावठी कट्टेवाले आचारसंहिता लागली की पावती घ्यायला ठाण्यात रांग लावतात, असे माझ्या ऐकिवात नाही. मी मागतो ते अमेरिकेचे काही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव घेऊन तरतूद आहे, आणि ती हातात असावी त्या नेमक्या दिवसांत सरकार ती काढून घेते, एवढेच माझे म्हणणे. सरसकट जमा करू नका, एकेक परवाना बघा, हे आमच्या मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही तेच बजावले, कारण असेल तर लेखी द्या म्हणून. निकाल लागतात, पुढच्या निवडणुकीला पुन्हा तोच छापील कागद येतो. आपल्या लेखात अमेरिकेचा २०२४ चा आणखी एक निकाल आहे, जोडीदाराला मारहाण केल्यावरून ज्याच्यावर न्यायालयाचा मनाईहुकूम आहे त्याची बंदूक काढून घेता येते, आठ विरुद्ध एक. बघा, तिथेसुद्धा माणूस बघूनच बंदूक काढून घेतात. एरवी अमेरिकेचे काही घेऊ नये या मताचा मी आहे.

आणि 'आपल्याकडे प्रश्न नाही' म्हणणाऱ्यांनी कोडगूचे नाव ऐकले आहे का? शेजारच्या कर्नाटकात कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना बंदुकीचा परवानाच लागत नाही, इंग्रजांपासूनची सूट. केंद्राने ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी दिली, त्यावर याचिका झाली, जात आणि जमिनीच्या आधारावर भेदभाव आहे असा मुद्दा होता, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सूट कायम ठेवली. चूक की बरोबर हा वाद वेगळा. पण हा बंदुकीचा खटलाच होता ना? न्यू यॉर्कपेक्षा कोडगूतले मडिकेरी आम्हाला जवळ आहे, एसटीने आणि एक-दोन गाड्या बदलून जाता येते.

जाता जाता एक. निवडणुकीच्या आधी 'जिल्ह्यात परवानाधारक शस्त्रे जमा' ही बातमी आपण दर वेळी छापता आणि सोबत फोटो टाकता तो एके-४७ चा. गेल्या वेळी तर वाळूच्या पोत्यांमागे उभे असलेले कोणी परदेशी सैनिक होते. माझा नातू विचारतो, आजोबा तुमच्याकडची अशी आहे का. ठासणीच्या बंदुकीचा फोटो हवा असेल तर मी देतो, नव्या गजासकट. शिवाय कोकण आवृत्तीत आंब्याचे वाशी बाजारातले दर परवाचे छापले जातात, तेही जमले तर बघावे. अमेरिकेची बातमी रातोरात येते आणि वाशीची दोन दिवसांनी, हे काय गणित आहे?

पत्र छापल्यास कापू नये. मागच्या वेळी अर्धे कापले होते आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ उलटा झाला होता.

आपला,
एक परवानाधारक बागायतदार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

(नाव छापू नये. पुढच्या निवडणुकीला बंदूक याच ठाण्यात ठेवायची आहे.)