मांडव उतरताना माणसं बघायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेचा अमृतमहोत्सवी मेळावा पार पडला आणि समितीने आभाराची पत्रं धाडली. देणगीदार, पाहुणे, मांडववाले, अगदी माईकवाल्यांनासुद्धा. त्या यादीत तुमचं नाव नव्हतं, कारण तुम्ही आमच्या कोणीच नव्हता. तुमचं मंगल कार्यालय आमच्या तारखेला मोकळं नाही, एवढंच सांगायला तुम्ही फोन केला होता. ठेवता ठेवता विचारलंत, "जागा मिळेल हो, पण माणसं कुठून घेणार?" त्या एका प्रश्नाने आमचा मेळावा तरला. म्हणून हे आभार जाहीरपणे.

हजारभर माजी विद्यार्थी येणार होते. वाढपी, नोंदणीच्या टेबलावरच्या मुली, पार्किंगची मुलं, सफाईवाल्या मावश्या, फाटकावर रक्षक, सगळं बाहेरून घ्यायचं होतं. आमच्याकडे माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची कोटेशनं आली होती आणि समितीचा कल साहजिकच सगळ्यात स्वस्ताकडे होता. तुम्ही दर विचारलाच नाहीत, आमच्या तारखेचं पंचांग उघडलंत. "रविवार, त्यात लग्नांची दाट तिथी. आता बघा गंमत."

गंमत अशी की पुण्यात दाट तिथीला प्रत्येक एजन्सी झेपतील त्याहून जास्त कामं धरते आणि मग एकमेकांकडून पोरं उसनी घेते. वाढप्यांत बरीचशी गावाकडून कॉलेजला किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेली मुलं. खोलीभाडं आणि मेसचे पैसे निघावेत म्हणून ती 'केटरिंगला' जातात. आदल्या रात्री ग्रुपवर कोणी पन्नास रुपये जास्त टाकले की ती तिकडे वळतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? तेव्हा मालकाला विचारायचं ते हेच: त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती कामं आहेत, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत तुमची नेहमीची माणसं किती? स्वस्तवाले म्हणाले, "काळजीच करू नका, सर." दुसऱ्या एकाने सरळ सांगितलं, "दोन लग्नं आहेत, तुम्हाला चाळीसच देऊ शकतो." हे ऐकून तुम्ही फोनवर खूश झालात. "नाही म्हणतोय ना, मग याला सोडू नका."

एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. "माणसं बघायची तर मांडव उतरताना जा," असं म्हणून तुम्ही मला दोन्ही एजन्सींची कामं चालू होती त्या कार्यालयांचे पत्ते दिलेत. समोर सगळेच पांढरे शर्ट आणि काळे बूट घालून हसतात, खरं काय ते मागच्या दारी कळतं. स्वस्तवाल्यांच्या मागच्या दारी रात्री अकरानंतर सात-आठ मुलं फुटपाथवर बसली होती. पैसे मिळाले नव्हते, मालक फोन उचलत नव्हता, शेवटची बस गेली होती. एकाच्या हातात द्रोणात उरलेला पुलाव होता. दुसऱ्या ठिकाणी वाढपी सतरंजीवर ओळीने जेवत होते, नीट पंगत धरून, आणि सुपरवायझर त्यांना वाढत होता! वही मांडीवर घेऊन एकेकाच्या सहीसमोर तो मोबाईलवरून पैसे टाकत होता आणि "आले का?" असं विचारल्याशिवाय पुढच्याकडे जात नव्हता. त्यानंतर दर कितीही घासला असता तरी माझं मत बदललं नसतं. ज्याचा वाढपी उपाशी घरी जातो, त्याच्या भरवशावर आपण हजार माणसं जेवायला बोलावणार होतो.

कागदपत्रांचंही तुम्हीच शिकवलंत, तेही बोलता बोलता. बिलावर मनुष्यबळाचा १८ टक्के जीएसटी लावलाय ना, मग बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, कोणालाही बघता येतो. दहा किंवा जास्त कामगार म्हणजे ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, नोंदणी हवी. रक्षकांबाबत तर तुम्ही इंचभर हटला नाहीत. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे, परवान्याशिवाय रक्षक पुरवता येत नाहीत, आणि केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलंय. काल रात्रीच्या वाढप्यालाच रक्षकाची टोपी देऊन आज फाटकावर उभा करायचा प्रकार सर्रास चालतो, हे तुमच्यामुळे कळलं. आम्ही रक्षक वेगळ्या, परवानाधारक संस्थेकडून घेतले. त्यातल्या एकाचा गणवेश पोलिसांसारखा दिसत होता तो बदलून मागितला, कारण तसा पोशाख घालणं त्याच कायद्यात गुन्हा आहे.

नोंदणीच्या मुलींचं मात्र आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाण्यांचा कार्यक्रम दहापर्यंत होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, संरक्षण आणि दारापर्यंत वाहन सांगितलंय. तुम्ही कलम वगैरे काही बोलला नाहीत. "तुमची पोरगी असती तर?" एवढंच. मुलींना नऊलाच मोकळं केलं, गाडीचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घेतला.

एका बाबतीत माझं तुमच्याशी पटलेलं नाही, तेही सांगून टाकतो. ऑनलाइन अभिप्राय तुम्ही सरसकट भंगारात काढता. मला त्यातले एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय कामाचे वाटतात. तक्रारीला मालक काय उत्तर देतो, शिव्या घालतो की सुपरवायझरचं नाव विचारतो, यावरून बरंच कळतं. असो, तुम्ही ऐकणार नाही.

प्रत्यक्ष दिवशी चारजण आलेच नाहीत. पण करारात तुमच्या सांगण्यावरून राखीव माणसं लिहून घेतली होती, ती नाश्त्याच्या आधीच मांडवात उभी होती. दुपारी बुफेवर एका मुलाने झाकण उघडलं आणि वाफेने मनगट भाजलं. सुपरवायझरने आधी त्याचा हात नळाखाली धरला, मग दुसऱ्याला त्या जागी उभं केलं, आणि मग मला सांगितलं. क्रम लक्षात घ्या. औषधाचा खर्च एजन्सीने केला आणि त्याची त्या दिवसाची मजुरी कापली नाही. मी मुद्दाम त्या मुलालाच फोन करून विचारलं.

पंगत उठल्यावर आमच्या वेळचे मुख्याध्यापक वाढप्यांच्या सतरंजीवर जाऊन बसले आणि जिलबी वाढायला मागे लागले. नव्वदीला टेकलेत, पण ऐकेनात.

एजन्सीचं राहिलेलं बिल दुसऱ्याच दिवशी चुकतं केलं. तेही तुमचंच म्हणणं, की आपण पैसे अडकवले तर पोरांचे अडकतात. मेळाव्याचं आमंत्रण तुम्ही दिलगिरीने परत केलंत, त्या दिवशी तुमच्याकडे दोन लग्नं होती. आता तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचं कार्यालय जरा मोकळं असेल. एखाद्या दुपारी शाळेत या. समितीला पुढच्या वर्षीचं स्नेहसंमेलन करायचंय आणि खजिनदारांनी पुन्हा त्याच स्वस्तवाल्यांचं कोटेशन मागवलंय. ते तुम्हीच त्यांच्याशी बोला.

आपला,
मेळावा समितीचा कार्यवाह