तात्या, काटा काढून ठेवा

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र असं उघडं लिहितोय म्हणून रागावू नका. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "जेवलंस काय?" विचारून विषय संपवता. शिवाय कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेऊन गळाने मासे गरवायला जाणारे मुंबई-पुण्याकडचे चार-सहा मित्र माझी कयाक बघून सारखे विचारतात, हे सगळं कुणी बसवून दिलं म्हणून. त्यांनाही एकदाच सांगून होईल. तुमची नात वाचून दाखवेल. मालवणीत माझं काही चुकलं असेल तर तिने खुशाल हसावं.

मालवणजवळच्या देवबागात माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. सासुरवाडीत जावयाला कुणी चूक सांगत नाही. मी 10 फुटी कयाक गाडीच्या टपावर बांधून आणली तेव्हा सासरे म्हणाले, "छान." तिच्यावर मी सामान चढवत गेलो तेव्हा मेहुणा म्हणाला, "भारीच." सासूबाईंनी तर हळदकुंकू लावून नारळ फोडला. त्या कयाकवर बसून माणूस बुडू शकतो, हे म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. तुम्हीही पहिले दोन दिवस खळ्यात उभे राहून नुसते बघत होतात आणि मला "जावयबापू, तुमी" म्हणत होतात.

मग दिवाळीचा पाडवा आला. दुपारी पुरणपोळीवर ताव मारून मी दोनला कर्ली खाडीत उतरलो. भरतीचं गणित तुम्ही नंतर शिकवलंत: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. पाडव्याची तिथी प्रतिपदा, 1 ची पाऊणपट पाऊण. म्हणजे पाऊण वाजता भरती पूर्ण, आणि तीन-साडेतीनला ओहोटी ऐन जोरात. त्यात आदल्या दिवसाची अमावस्या, म्हणजे उधाणाचं पाणी. दुपारचा वारा समुद्राकडून आत येणार आणि पाणी आतून समुद्राकडे जाणार. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ दोघं समोरासमोर भिडतात आणि लाटा आखूड, उभ्या होतात. यातलं काहीएक मला माहीत नव्हतं. मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघितला होता, तो "मध्यम" होता.

मी नांगर टाकला. जड तितका चांगला असं समजून 4 किलोचा घेतला होता, आणि दोर बांधला होता माझ्या मांडीशेजारच्या कडीला, कारण ती हाताशी होती. नांगर रुतला, कयाक आडवी फिरली आणि पाण्याच्या तोंडाकडची बाजू खाली खेचली जाऊ लागली. पाणी आत आलं. गाठ सोडायला गेलो तर ताणाने ती दगडासारखी घट्ट झालेली. सुरी? होती की. मागच्या डब्यात, तीन पिशव्यांच्या खाली.

तुम्ही पलीकडे जाळं ओढत होतात. "अरे, दोरी सोड! दोरी सोड आधी!" हे ओरडणं मला अजून ऐकू येतं. होडी आणून तुम्ही दोर कापलात आणि कयाक अशी उसळली की मी मागे उताणा पडलो. तो 4 किलोचा नांगर अजून तिथेच तळाला असेल. माझ्या लक्षात मात्र दुसरीच गोष्ट राहिली: तुम्ही मला पहिल्यांदा "अरे" म्हणालात.

किनाऱ्याला आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "नांगर टाकूक येता तुका. सोडूक येता काय?"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी साडेसहाला तुम्ही मासे तोलायचा ताणकाटा घेऊन खळ्यात हजर. माझ्या कयाकवरची एकेक वस्तू काट्याला लावायची आणि नातीने वहीत लिहायची. बर्फाची पेटी, बॅटरी, गऱ्यांचे आणि खोट्या माशांचे तीन डबे, घडीचं स्टूल, दोन टॉर्च, स्पीकर. बेरीज 31 किलो झाली. "ह्या सगळा घेवन खंय चललंस, मुंबयक?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मेहुणाही हसला. जावई म्हणून मला राग यायला हवा होता. खरं सांगू? मोकळं वाटलं.

कयाकवर 150 किलोची क्षमता छापलेली होती. मी 82 चा, सामान 31, म्हणजे 113. मला वाटत होतं अजून पुष्कळ जागा आहे. पण छापलेला आकडा कयाक तरंगते तिथवरचा, त्यावर बसून आरामात गरवता येतं तिथवरचा नव्हे. अनुभवी कयाकवाले त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहतात, म्हणजे माझ्या बाबतीत 105. तुम्ही कुठलं पुस्तक वाचलं नव्हतंत. कयाक पाण्यात ढकललीत, मला सामानासकट बसवलंत, कडेपासून पाण्यापर्यंत किती बोटं उरली ती मोजलीत आणि म्हणालात, "चौदा किलो काढ." 82 आणि उरलेले 17 मिळून 99 होतात. हे गणित मी पुण्याला परतल्यावर केलं आणि बराच वेळ वहीकडे बघत बसलो.

सगळ्यात आधी बॅटरी गेली. मी फिशफाइंडरसाठी, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासाठी, 18 अँपिअर-तासांची, साडेपाच किलोची बॅटरी आणली होती. "झिलाच्या लग्नात लायटिंग करूचा आसा काय?" या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंपांच्या मोटरी भरण्यात तुमची तीस वर्षं गेलेली. तुम्ही त्या फिशफाइंडरचा, गार्मिनच्या स्ट्रायकर 4 चा, कागद मागितलात आणि त्यातला एकच आकडा शोधलात: 12 व्होल्टला 0.23 अँपिअर. आठ तास चालवला तरी दोन अँपिअर-तास लागत नाहीत. यूपीएसमध्ये असते ती 7 अँपिअर-तासांची बॅटरी, सव्वादोन किलोची, निम्मीच वापरली तरी पंधरा तास पुरते. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणून निम्मी. लिथियमची घेतली तर वजन किलोच्याही आत येतं, पण तुमचं मत पडलं की आधी एक मोसम खाऱ्या पाण्यात काढ, मग महागाचं बघू. पटलं.

वायरिंगही तुम्ही उखडलंत. मी वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळली होती. दोन दिवसांत तांबं हिरवं पडायला लागलं होतं, ताक पितळेत कळकावं तसं. तुम्ही कल्हई केलेल्या तारेची वायर आणवलीत, जोड डाखलेत, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवलीत. बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी लागून 3 अँपिअरचा फ्यूज, टोकांना व्हॅसलीन, आणि सगळं सासूबाईंच्या चकलीच्या हवाबंद डब्यात. चार्ज करताना डब्याचं झाकण उघडं ठेवायचं, आत वायू साठू द्यायचा नाही, ही ताकीद तुम्ही मला सोडून बायकोला दिलीत. बरोबर केलंत. (सासूबाई डबा अजून मागतात.)

पण मी ज्याची गोष्ट सगळ्यांना सांगतो ती चपलेची. फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत ऐकणारा तो भाग, मी बाहेर एका दांड्यावर लावला होता. शेवाळ अडकायचं, वाळूत उतरताना तो आपटायचा. आतून चिकटवावा तर कयाकचं प्लास्टिक असं की त्यावर कुठलाच गोंद धड धरत नाही, आणि मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आवाज तिथेच अडतो, पडद्यावर नुसता कचरा दिसतो. तुम्ही तो हातात घेऊन फिरवून बघितलात आणि म्हणालात, "हेका चप्पल व्हयी." मला वाटलं थट्टा. तुम्ही खरोखर जुनी हवाई चप्पल घेतलीत, तिच्यात ट्रान्सड्यूसरच्या मापाचं भोक कापलंत, दोन थर एकावर एक लावून ते कयाकच्या तळाला आतून बसवलंत आणि त्या खळग्यात पाणी ओतलंत. ट्रान्सड्यूसर त्या पाण्यात बसतो. मध्ये हवा नाही, त्यामुळे आवाज प्लास्टिकमधून सरळ खाली जातो. पाण्याचं तापमान मात्र आता खोटं दिसतं, कारण यंत्र चपलेतलं पाणी मोजतं. चालतंय.

मग तुमची शिसं बांधलेली दोरी आणि माझा पडदा यांची शर्यत लागली. पडदा म्हणाला 4.2 मीटर. तुम्ही दोरी हातांवर मोजलीत आणि म्हणालात, सव्वादोन वाव, वर चार बोटं. एक वाव जवळजवळ 1.8 मीटर. गणित करून मी गप्प बसलो. तुम्ही मात्र तेव्हापासून पडद्याला मान दिलात, विशेषतः तळ खडकाळ असला की जाड ठळक रेघ येते आणि चिखल असला की फिकट, हे बघितल्यावर. माशांच्या कमानी शोधत मी दिवस घालवत होतो. मासा यंत्राच्या झोतातून आडवा गेला तर कमान उमटते. नांगरलेल्या कयाकखाली तो निवांत थांबला असेल तर नुसती लांब रेघ दिसते. आणि चार मीटर पाण्यात तो झोत तळाला फारसा रुंद नसतो. म्हणजे खाडीत हे यंत्र मासे दाखवायला कमी आणि तळ दाखवायला जास्त. हे कळल्यावर माझं गरवणं सुधारलं.

आता नांगर. विहिरीत पडलेली कळशी काढायच्या गळासारखा चार आकड्यांचा, घडीचा, दीड किलोचा नांगर तुम्ही पसंत केलात. मी म्हटलं, आधीचा 4 किलोचा होता, हा धरेल का? तुम्ही वाळूत तो ठेवून दोर आधी वरून ओढून दाखवलात, मग जमिनीलगत ओढून. वरून ओढला की सुटतो, आडवा ओढला की रुततो. म्हणून दोराआधी मीटरभर साखळी, आणि दोर खोलीच्या पाचपट: चार मीटर पाण्याला वीस मीटर. माझी स्वस्तातली निळी दोरी तुम्ही फेकून दिलीत. ती पाण्यावर तरंगते, आणि खाडीतल्या त्सुनामी आयलंड या बेटावर पर्यटक नेणाऱ्या बोटींच्या पंख्यात गेली तर बोट आणि मी एकाच गाठीत. त्या जागी तुमच्या घरचा बुडणारा नायलॉनचा दोर आला.

कडेच्या कडीला आता काही बांधत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायला कप्प्यांवर दोरी फिरते ना, तशी दोरी तुम्ही कयाकच्या बाजूने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत फिरवलीत. मधल्या कडीतून नांगराचा दोर जातो. नांगर टाकला की दोरी ओढून ती कडी थेट टोकाला न्यायची, कयाक पाण्याला तोंड देऊन उभी राहते. दोराचा शेवट हाताशी, दातऱ्या खाचेत नुसता अडकवलेला, गाठ नाही. त्याच्या टोकाला जाळ्याचा नारिंगी बोया. संकट आलं की दोर खाचेतून काढून टाकायचा, कयाक मोकळी, नांगर नंतर बोयावरून शोधता येतो. हे तुम्ही माझ्याकडून किनाऱ्यावर वीस वेळा करून घेतलंत, शेवटची पाच डोळे मिटून. सुरी आता लाइफ जॅकेटच्या छातीवर असते.

खडकाळ जागेसाठीची सुतळीची युक्ती तर कुठल्या दुकानात विकत मिळायची नाही. साखळी नांगराच्या डोक्याला न बांधता बुडाला, आकड्यांच्या बाजूला बांधायची आणि डोक्याशी साध्या सुतळीने अडकवायची. नेहमीचा ताण सुतळी पेलते. नांगर खडकात अडकला की जोरात हिसका द्यायचा, सुतळी तुटते आणि नांगर उलटा, बुडाकडून सुटून वर येतो. परदेशी कयाकवाले याच जागी प्लास्टिकची बारीक पट्टी वापरतात, हे मी नंतर बघितलं. तुमच्या घरी ते आजोबांपासून चालत आलंय.

बैठकीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझी फजिती आहे. दीड तासात पाठ मोडायची म्हणून मी उंच खुर्ची बसवायच्या बेतात होतो. उंच बसलं की कयाक जास्त डोलते, हे तुम्ही मला स्टुलावर बसवून, स्टूल हलवून पटवलंत. घडीच्या खुर्चीचे पाय कापून तिला नायलॉनची नवार विणलीत. बूड चार बोटं वर राहिलं, खाली पाणी निथळतं, पाठीला आधार मिळाला. वल्ह्याच्या दांड्याला एसीच्या नळीवरचा काळा फोम, गळाच्या काठ्या ठेवायला प्लंबिंगचा दीड इंची पाइप तिरका कापून. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आणि माझ्या बायकोचा नंबर तुम्ही ऑइलपेंटने आतल्या बाजूला लिहिलात. तिचा नंबर मोठ्या अक्षरात.

जानेवारीत मी पुन्हा आलो तेव्हा तुम्ही लग्नाला गेला होतात. अष्टमी होती, पाणी मवाळ. त्याच बाजूच्या खडकाशी सुतळी बांधून नांगर टाकला आणि पावणेदोन किलोची तांबोशी लागली. तुमच्या घरी अर्धी पोचवली, ती पोचली असेल. नांगर अडकलाही होता. हिसका दिला, सुतळी तुटली, वर आला. कयाकवर एकटाच होतो, तरी मोठ्याने "तात्या!" म्हणालो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर वाद घालत नाही. पण तुमचा दोर माझ्याकडे आहे. तसाच नवा 30 मीटर, 6 मिलिमीटर जाडीचा, होळीला येताना आणतोय, आणि तो तुम्हाला घ्यावाच लागेल. काढलेल्या 14 किलोंतलं घडीचं स्टूल सासूबाईंनी नारळ खवताना बसायला घेतलंय. बर्फाची पेटी मेहुण्याने पळवली.

आणि हो, मी पायाने चालवायचं पॅडल बघून ठेवलंय, अजून घेतलेलं नाही. दुकानदार म्हणतो वजन काहीच नाही. तात्या, काटा काढून ठेवा.

तुमचा,
जावयबापू
("अरे" म्हटलंत तरी चालेल)